रस्त्यावरचा चोथा

"मग सूने त्यात घातलं तरी काय?"

लिआंगने पुन्हा विचारलं. शेन गुरुजी संत्रं सोलत होते. साल अखंड निघावी म्हणून त्यांची जीभ थोडी बाहेर आली होती.

"गुरुजी, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय मी."

"फान छत्रीवाल्याला सगळा शरद मी औषध दिलं. छाती आवळते म्हणायचा, जिना चढला की भिंत धरून उभा राहायचा. कणभर उतार पडला नाही. मग तुम्ही तो त्या नव्या शिष्याच्या, सूच्या हातात दिलात. आणि काल... काल फान पुलावर उभा राहून गात होता."

"बेसूर गातो तो," गुरुजी म्हणाले.

"काय घातलं सूने?"

साल एका तुकड्यात निघाली. गुरुजींनी ती दोरीवर वाळत टाकली. संत्र्याची साल चार-सहा वर्षं जुनी झाली, की छातीतला कोंडलेला वारा हलवते, असं चिनी वैद्यक सांगतं. गुरुजींच्या घरात म्हणून कपड्यांपेक्षा सालीच जास्त वाळत असत.

"सूला विचार," ते म्हणाले, आणि संत्र्याची एक फोड त्याच्या पुढे केली.

लिआंगने फोड घेतली नाही.

---

आता सूला विचारणं म्हणजे काय अवघड होतं? सू पलीकडच्या खोलीत बसून मुळ्या कापत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण लिआंगने एक वेळ जीभ कापून दिली असती, सूला विचारलं नसतं.

लिआंग गुरुजींकडे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. आता कानाशी केस पांढरे होत होते. दक्षिणेकडच्या त्या नदीकाठच्या गावात औषधाची मुळी त्याच्यासारखी कुणी कापत नसे. त्याच्या हातची चकती फुंकर मारली तर उडून जाई. अंगणात कोण येतंय ते पावलांवरून ओळखून तो त्याच्या औषधाचं पाणी आधीच चुलीवर ठेवी. गुरुजींना चहा किती गरम लागतो, कुठल्या गुडघ्यात कळ येते, कुठला रोगी त्यांना मनातून आवडत नाही, सगळं त्याला ठाऊक होतं.

आणि सू? सू यंदाच्या वसंतात उगवला. पैसेवाल्या बापाचा मुलगा, सरकारी परीक्षेत नापास झालेला. मुळ्या कापायचा त्या जनावराला घालायच्या जाडीच्या. भांडी घासायचा ती कडेकडेने. पण हसायचा मोठ्याने, आणि रोगी त्याच्याशी बोलत बसायचे. म्हाताऱ्या बायका तर औषध घेऊन झालं तरी उठत नसत.

गुरुजीही हसायचे त्याच्याबरोबर. हे लिआंगला सगळ्यात जास्त लागत असे.

एकदा गुरुजींनी चहा आधी सूच्या वाटीत ओतला. किटली सूच्या बाजूला होती, हे खरं. पण लिआंगला किटली दिसली नाही, फक्त वाटी दिसली. तो चहा त्याच्या घशाखाली उतरला नाही.

त्यातून वर्षातला सगळ्यात लहान दिवस जवळ आला होता. त्या दिवशी गुरुजी उशी देणार होते.

उशी म्हणजे एवढीशी, मुठीएवढी. आत साळीचा कोंडा, वर निळं कापड. रोग्याने तिच्यावर मनगट ठेवायचं आणि वैद्याने तीन बोटांनी नाडी बघायची. गुरुजींना ती त्यांच्या गुरूंनी दिली होती. आता त्यांची बोटं थरथरू लागली होती. "त्या दिवशी उशी देऊन टाकेन," एवढंच ते बोलले होते. कुणाला, ते बोलले नव्हते.

खरं सांगायचं तर लिआंगला उशीचं एवढं नव्हतं. उशी देताना गुरुजी ज्याच्याकडे बघतील, तो आपण असावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढंच म्हणजे सगळंच की.

---

त्या गावात एक रीत होती. घरात कुणाचं औषध चालू असलं, की काढा गाळून उरलेला चोथा उंबऱ्याबाहेर रस्त्यावर टाकायचा. येणारे-जाणारे तो तुडवतात, आणि प्रत्येकाच्या तळव्याला लागून थोडाथोडा रोग घराबाहेर जातो. कुणी रागावत नसे. आज त्याच्या दारात, उद्या आपल्या.

शेन गुरुजी असा चोथा कधी चुकवत नसत. चालता चालता वाटेत आला की त्यावर पाय देऊन पुढे जात.

लिआंग मात्र वळसा घालून जाई. अडाण्यांची समजूत, म्हणे. पण खरी गोष्ट अशी, की त्याला दुसऱ्याचं काही आपल्या पायाला लागलेलं खपत नसे.

तोच लिआंग दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे छत्र्यांच्या गल्लीत उभा होता.

सूला विचारायचं नाही, गुरुजी सांगत नाहीत. पण चोथा काही लपवता येत नाही. वीस वर्षं औषधं हाताळलेल्या माणसाला चोथा बघितला की आत काय होतं ते समजणारच. फानच्या दारापुढे कालचा काळपट ढीग पडला होता, अजून कुणी तुडवला नव्हता. लिआंगने इकडेतिकडे पाहिलं. रुमाल पसरला. उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी चोथा भरू लागला.

दार करकरलं.

"अगं बाई..."

फानची बायको. हातात झाडू.

लिआंग होता तसाच राहिला. ओंजळ चोथ्याने भरलेली, बाहीच्या टोकापर्यंत ओघळ आलेले.

फानबाईने झाडू टाकला, आणि ती तिथेच रस्त्यावर गुडघ्यांवर बसली.

"लोक चपला घालून तुडवतात, वैद्यदादा. नाक मुरडत तुडवतात. आणि तुम्ही... हातांनी उचलताय? ह्यांचं दुखणं?"

"मी..."

"तुमचं औषध लागू पडलं नाही, म्हणून मनाला लावून घेतलंत ना? मला कळत नाही का!" तिचे डोळे भरून आले. "सख्खा भाऊ करणार नाही हो असं कुणी."

मी चोर आहे, हे सांगायला तीन शब्द पुरले असते. पण ती बाई रस्त्यावर डोकं टेकवत होती, आणि आजवर कुणी त्याच्यापुढे असं डोकं टेकवलेलं नव्हतं. सूपुढे तर नक्कीच नाही.

"...हं," तो म्हणाला.

आणि रुमालाची गाठ मारून चालू लागला.

---

परसातल्या दगडावर त्याने चोथा पसरला. चिमट्याने एकेक तुकडा वेगळा केला.

रानपडवळाचं फळ, बियांसकट. छातीत साचलेला कफ सुटा करतं.

रानलसणाचे कांदे. कोंडलेली ऊब मोकळी करतात.

त्याने नाकाशी धरलं. तांदळाच्या दारूचा वास अजून होता. औषध छातीपर्यंत वर चढावं म्हणून ती घालतात.

आणि...?

आणि काही नाही. लिआंगने पुन्हा चाळलं. पुन्हा वास घेतला. एक कांदा चावून पाहिला. रानपडवळ होतं, रानलसूण होता, दारू होती. छाती आवळण्यावरचं सगळ्यात जुनं औषध, जे तो स्वतः सगळा शरद फानला देत आला होता. मापसुद्धा तेच. कापलेलं मात्र जाडंभरडं.

माझंच औषध? माझ्याच औषधाने तो बरा झाला, सूच्या हातून?

छे! काहीतरी पूड असणार, उकळताना विरघळून गेलेली. तो लबाड मुद्दाम पूड करून घालत असणार. लिआंगने तो चोथा भांड्यात टाकला, पाणी ओतलं, पुन्हा उकळला, आणि तो मचूळ, गढूळ काढा डोळे मिटून घोटघोट प्यायला. जिभेवर घोळवला. काही वेगळं लागतंय का...

लागलं नाही.

दुपारपर्यंत त्याची छाती आवळून आली.

आधी बरगडीखाली कुणी दोरी बांधल्यासारखं झालं. मग श्वास अर्ध्यावर अडू लागला. दुसऱ्याचं चांगलं बघून लोकांच्या पोटात दुखतं, लिआंगच्या छातीत दुखायला लागलं. त्याने स्वतःच्या नाडीवर बोटं ठेवली. ताणलेल्या तारेसारखी लागली. पण आपली नाडी आपल्याला कळत नाही, हे तो स्वतःच नव्या शिष्यांना सांगत असे.

गल्लीत मात्र बातमी फिरली होती. भाजीवाल्याने त्याला मुळ्याची जुडी फुकट दिली. एक म्हातारा रस्त्यात थांबून वाकला. लिआंगनेही मान हलवली. मान हलवली की दोरी आणखी आवळे.

---

उशी द्यायचा दिवस उजाडला.

गुरुजींच्या पुढ्यात चौरंगावर उशी होती, लाल फडक्यात गुंडाळलेली. उजवीकडे लिआंग, डावीकडे सू. शेजारपाजारची मंडळी दाराशी उभी होती. लिआंगने स्वच्छ अंगरखा घातला होता आणि श्वास बेताबेताने घेत होता.

गुरुजी फडक्याची गाठ सोडायला लागले. बोटं थरथरत होती. गाठ सुटेना.

तेवढ्यात फानबाई आली. बगलेत नवीकोरी छत्री, तेलकागदाची, वर बगळे रंगवलेले. मागून फान, धापा न टाकता.

"थोरल्या वैद्यदादांसाठी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्यांनी रातोरात केलीय. गुरुजी, तुमच्या शिष्याने आमचा रोग हातांनी उचलून नेला. रस्त्यावर बसून. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

दाराशी कुजबुज झाली. कुणीतरी "वा!" म्हणालं.

सूने मान वर करून लिआंगकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं खरं नवल होतं, की लिआंगला ते सोसवेना.

गुरुजी गाठीशीच खटपट करत होते.

"नेलास?" त्यांनी विचारलं. वर बघितलं नाही.

छत्री लिआंगच्या हातात आली होती. हाताला छान बसणारी, हलकी. बगळ्यांचे पाय लाल रंगवले होते. आत्ता गप्प बसलं तर उशी आपली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दोरी आवळली. श्वास येईना. आणि त्या न आलेल्या श्वासातच तो बोलून गेला.

"चोरला."

"काय?"

"मी चोथा चोरला, बाई. सूने औषधात काय घातलंय ते बघायला. तुमचा रोग न्यायला नव्हतो आलो. तुम्ही नमस्कार केलात... मी तो घेतला."

लिआंगने छत्री खाली ठेवली.

फानबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लिआंगकडे. तो भिंत धरून उभा होता, एक हात छातीवर, अगदी तिचा नवरा उभा राहत असे तसा.

"चोरलात काय नि उचललात काय," ती म्हणाली, "गेला तर तुमच्याबरोबरच ना?"

तिने छत्री पुन्हा त्याच्या पायाशी सरकवली.

गाठ सुटली. गुरुजींनी उशी हातात घेतली, कापडावरून अंगठा फिरवला आणि सूसमोर ठेवली.

"सू, ही घे."

एवढंच. ना आशीर्वाद, ना उपदेश. आणि बघितलंही सूकडेच. लिआंगने ज्या नजरेसाठी आयुष्य काढलं, ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेली. त्याला वाटलं, आता श्वास नाही आला तरी चालेल.

"आणि लिआंग..."

"जी."

"तुझं मनगट ठेव तिच्यावर."

---

गंमत बघा. त्या उशीत दर वर्षी नवा कोंडा भरणारा लिआंग. निळं कापड विरलं की शिवणारा लिआंग. पण तिच्यावर स्वतःचं मनगट त्याने कधी ठेवलं नव्हतं. मधोमध एक खोलगा होता, इतक्या लोकांच्या मनगटांनी पडलेला. त्याचं मनगट त्यात बसलं.

सूने बोटं ठेवली. बोटं गार होती.

"तार," सू पुटपुटला. "खूप ताणलीय, दादा."

"माहीत आहे."

"रात्री झोप?"

"नाही."

"जेवण?"

"तुझं डोकं," लिआंग म्हणाला. मग डोळे मिटले. जे विचारायला त्याची जीभ इतके दिवस तयार नव्हती, ते अखेर विचारलं. "सू... फानच्या औषधात काय घातलं होतंस?"

सूचे कान लाल झाले.

"सांग की."

"काही नाही. तुमचंच औषध होतं, दादा. जसंच्या तसं."

"मग माझ्या हातून का नाही...?"

"फानकाका ते पीतच नव्हते."

फान दाराशी एकदम खाली बघू लागला. फानबाईने बाहीने तोंड झाकलं.

"त्यांची आई गेल्यापासून त्यांचं व्रत आहे," सू म्हणाला. "मांस नाही, दारू नाही, कांदा-लसूण नाही. आणि तुमच्या औषधात लसूण आणि दारू. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, म्हणून काकू रोज काढा उकळायच्या, चोथा रस्त्यावर टाकायच्या आणि काढा परसातल्या बोरीला घालायच्या."

"यंदा बोरं लई आली," फान हळूच म्हणाला.

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं.

"मग तू काय केलंस?"

"डोंगरावरच्या विहारात गेलो. मोठ्या भिक्षूंना विचारलं. ते म्हणाले, दुखण्यात औषध म्हणून चालतं. फक्त औषध चालू असेपर्यंत दर्शनाला आत यायचं नाही, पायरीवरून नमस्कार करायचा. फानकाकांना निरोप सांगितला. मग ते प्यायले."

लिआंगने ऐकून घेतलं. सगळा शरद त्याने फानची नाडी पाहिली होती, जीभ पाहिली होती. जेवणात काय असतं, ते विचारलं नव्हतं. लसूण न खाणाऱ्याला तो लसूण देत होता, आणि औषध लागू पडत नाही म्हणून माप वाढवत होता. बोरीला भरपूर खत मिळालं असणार.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"सू..."

सूची बोटं अजून त्याच्या नाडीवर होती. ती थोडी हलली.

"सांगितलं असतं," सू म्हणाला, अगदी हळू, "तर सगळे म्हणाले असते, औषध तर लिआंगदादांचंच. मुळ्या तुमच्या, चकत्या तुमच्या, गुरुजींचा चहा तुमचा. मला वाटलं, हा एक तरी रोगी... माझा असू दे."

लिआंगने डोळे उघडले. समोरचं तोंड पहिल्यांदाच हसरं नव्हतं.

"गुरुजी," लिआंग म्हणाला, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मी त्या गल्लीतून चालतो. त्यांच्या बोरीला लसणाचा वास येतो," गुरुजी म्हणाले.

सूने उशी तशीच ठेवली आणि लिआंगचा हात उताणा केला. मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे अंगठा दाबून धरला. छाती आवळली की तिथे दाबतात. लिआंगनेच त्याला शिकवलं होतं, वसंतात, नाइलाजाने.

"थोडं वर," लिआंग म्हणाला.

सूने अंगठा वर सरकवला.

"आता बरोबर."

---

औषध सूने केलं. मुळ्या जाड कापल्या. लिआंग बघत राहिला, त्याचे हात शिवशिवत होते, पण त्याने सुरी मागितली नाही. वाडगाभर कडू काढा त्याने निमूटपणे घेतला. थोडी ढेकर आली, थोडा श्वास खाली उतरला. दोरी सुटली असं काही म्हणता येणार नाही. गाठ जरा सैल झाली.

उशी सूच्या खोलीत गेली होती. रिकाम्या चौरंगाकडे लिआंगची नजर जायची, आणि गेली की गाठ पुन्हा आवळायची. चूक कळली म्हणून मत्सर लगेच गाशा गुंडाळून जात नाही. तो पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यासारखा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूने रीतीप्रमाणे चोथा दारापुढे रस्त्यावर टाकला.

थंडी होती. चोथ्यातून वाफ निघत होती. लिआंग उंबऱ्याच्या आत उभा राहून बघू लागला.

भाजीवाला आला. ढीग पाहिला, घर पाहिलं आणि कावड खांद्यावर सावरून पलीकडच्या कडेने निघून गेला. आज जुडी दिली नाही.

दोघी बायका आल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. त्या भिंतीला चिकटून गेल्या.

सगळ्या गल्लीला कळलं होतं, की हा कसला रोग आहे. कफाचा असता, वाताचा असता, लोकांनी आनंदाने तुडवला असता. हा कोण पायाला लावून घरी नेणार? घरी भाऊ आहेत, जावा आहेत, शेजारी आहेत. तिथे तर आधीच पुरेसा आहे.

फानबाई आली. ती थांबली. ढिगाकडे बघितलं, आत लिआंगकडे बघितलं. एक पाय उचलला... "माझी धाकटी जाऊ आलीय हो सध्या राहायला," ती कसनुसं हसून म्हणाली, आणि वळसा घालून गेली.

सू दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याने आपल्या चपलांकडे पाहिलं. मग ढिगाकडे. मग पुन्हा चपलांकडे. तो पुढे झाला नाही, आणि लिआंगला त्याचा रागही आला नाही.

वाफ विरत चालली. लिआंगच्या मनात आलं, आयुष्यभर आपण लोकांच्या चोथ्याला वळसा घातला. आता आपला कोण तुडवणार?

"झाडून टाकतो मी," तो म्हणाला, आणि केरसुणी आणायला वळला.

मागून काठीचा आवाज आला.

शेन गुरुजी बाहेर येत होते. उंबऱ्याशी थांबले. एका हाताने चौकट धरली, डावा जोडा काढला, मग उजवा. मोजे काढले. तळवे पातळ होते, टाचांना भेगा पडल्या होत्या. एवढ्या थंडीत म्हातारा माणूस अनवाणी रस्त्यावर उतरला, हळूहळू चालत ढिगापाशी गेला आणि दोन्ही पाय त्यात रोवून उभा राहिला.

"गुरुजी!" लिआंग धावला. केरसुणी हातातच होती. "नका, गुरुजी. बाहेर या. हा साधा रोग नाही..."

गुरुजींनी बोटं हलवून पाहिली. चोथा अजून कोमट होता. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"तुम्हाला लागेल तो," लिआंग म्हणाला. "तुमच्या घरी येईल."

गुरुजींनी एक हात लिआंगच्या खांद्यावर टेकवला, आणि पहिल्यांदाच, अगदी सरळ, त्याच्याकडे पाहिलं.

"येऊ दे," ते म्हणाले. "त्याने माझं घर आधीच पाहिलंय."